होणाऱ्या जावयाची फाइल

माझी आई एका मोठ्या हॉस्पिटलची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळते. तिथल्या कुठल्याही रुग्णाची फाइल तिला उघडता येते; कामाशिवाय उघडायची नसते, एवढंच. शेजारच्या काकूंनी एकदा सुनेचे रिपोर्ट काढून मागितले, तेव्हा आईने त्यांना चहा पाजला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि वाटेला लावलं.

माझं लग्न ठरत आलं तेव्हा मात्र हा प्रश्न आमच्याच घरात शिरला. आत्या धापा टाकत आली. "वहिनी, तुमच्या होणाऱ्या जावयाला तुमच्याच हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीपाशी पाहिलं म्हणे! काय दुखणं आहे ते बघा की."

"त्यालाच विचारा," आई भाजी चिरत म्हणाली.

"तो कशाला खरं सांगेल?" बाबा मध्ये पडले. "अगं, पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे. दोन बटणं तर दाबायची. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना."

बाबांनी अबोला धरला. मलाही तिचा रागच आला. परक्यांसाठी नियम ठीक, पण मी तिची मुलगी!

दुसऱ्या दिवशी आई थेट तिच्या साहेबांच्या खोलीत गेली. मुलाचं नाव सांगून म्हणाली, "या नावाची फाइल असली तर माझ्यासाठी बंद करा. आहे की नाही, तेही मला सांगू नका."

साहेब हसले. "तुमच्यावर कोण संशय घेतंय?"

"मीच. पोटची पोर आहे. कधी हात वळवळतील, सांगता येत नाही."

हे मला बऱ्याच दिवसांनी तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडून कळलं. आईने घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

पुढच्या रविवारी माझा होणारा नवरा आमच्याकडे आला. चहाचा कप हातात तसाच धरून आईला म्हणाला, "काकू, तुम्हाला तर सगळं ठाऊकच असेल. तरी तुम्ही नकार दिला नाहीत, म्हणून..."

"मला काय ठाऊक असणार?"

"माझी फाइल पाहिली नाहीत?"

"ती तुझी आहे, बाळा. मी कशाला पाहू?"

त्याचे डोळे भरून आले. मग माझ्याकडे वळून त्याने स्वतःच सांगितलं. नोकरी गेल्यावर तो नैराश्यात बुडाला होता, उपचार अजून चालू होते आणि मला सांगायचा धीर होत नव्हता. मी खूप प्रश्न विचारले. त्याने एकही टाळला नाही.

"तुझ्या डॉक्टरांना भेटायला मीही येऊ?" मी विचारलं.

"चल की."

बाबा उठले, आईच्या शेजारी येऊन बसले. अबोला सुटला.

आमचं लग्न झालं, संसार छान चाललाय. आत्या आता नात्यागोत्यात छाती फुगवून सांगत फिरते, "आमच्या वहिनीने जावयाचीसुद्धा फाइल उघडली नाही!" जणू तो सल्ला तिचाच होता. पण आत्याला कशाला हसू? माझ्या ऑफिसात मीही काही कमी मिरवत नाही.