हात न टेकता उठणारे सुभेदार

सीमेवरच्या आमच्या पोस्टवर मी एकटाच बी.एस्सी. हसनाबादच्या आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मीच, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे. आमचे सीनियर जेसीओ सुभेदार खरात अंबडकडचे, पन्नाशीचे. सकाळी स्टँड-टू, म्हणजे पहाटेचा सज्ज पहारा, संपला की ते पाठीवर वाळूची गोणी घेऊन खाली बसत आणि हात न टेकता उठत. जवान चेष्टा करत.

"साहेब, लग्नाला उभं राहायचंय का?"

"तुझं जमू दे, मंग माझं बघू."

एकदा त्यांनी माझा पावडरचा डबा उचलला. "काय ग्रॅज्युएट, हे काय पिऊन राह्यला?"

"प्रोटीन, साहेब. तुमच्या वयात मांस झडतं. जेवणात कमी पडतं ते यातून मिळतं. पण वजन उचललं तरच."

"नुसतं पिऊन न्हाई भागत?"

"बिलकुल न्हाई."

"मंग बराबर हाय. दे."

तेव्हापासून व्यायाम झाला की एक मग. तोंड वाकडं करून, पण एका दमात. हिवाळा सरेपर्यंत गोणीतली वाळू वाढली होती.

एका सकाळी गोळाबारी सुरू झाली. पुढच्या खंदकात मी आणि लान्स नायक पवार. माझ्या मांडीत गोळ्याचा तुकडा घुसला, पवारच्या पोटात. सुभेदार सरपटत आले. पवार म्हणाला, "आधी याला न्या, साहेब."

सुभेदार वायरलेसवर बोलले, "बेस, दोन कॅज्युअल्टी. एकाला आणतोय. ओव्हर."

"स्ट्रेचर पार्टी निघालीय. थांबा. ओव्हर."

"रक्त थांबत नाही. निघालो. आऊट."

त्यांनी बसूनच मला पाठीवर घेतलं. दोन्ही हातांनी माझी मनगटं धरलेली. टेकायला हात नव्हता. ते उठले.

मला खाली आणून ठेवलं. "गोणी जड होती रे, ग्रॅज्युएट," म्हणाले आणि पवारसाठी परत वर गेले. दोघंही जिवंत परतले नाहीत.

आता हसनाबादला विहारासमोर मी साठीपुढच्या माणसांकडून वजनं उचलून घेतो. आधी डॉक्टरची तपासणी. पावडर ते सांगतील त्यालाच. माझे बाबा पूर्वी भिंत धरून उठायचे.

यंदा सुभेदारांच्या स्मृतिदिनाला सगळे सतरंजीवर बसलो होतो. स्तब्धतेची वेळ झाली. मी बाबांपुढे हात केला.

"ऱ्हाऊ दे. साहेब काय कुणाचा हात धरून उठले व्हते?"

बाबा उठले. त्यांच्यामागे सगळी रांग उठली. माझी मांडी अजून पुरती वाकत नाही. मी जमिनीवर हात टेकून, सगळ्यांच्या शेवटी उठलो.

मग आम्ही सुभेदार खरात आणि लान्स नायक पवार यांच्यासाठी उभे राहिलो.