टाकीच्या तळचं पाणी

खरं सांगायचं तर त्या दिवशी मी देवाला शिव्या दिल्या होत्या. अनुभव लिहायचा तर तिथूनच सुरुवात करायला हवी. उगाच गोड गोड लिहिलं तर तो अनुभव माझा राहणार नाही. आमचं कुळदैवत नीरा नरसिंहपूरचा नरसिंह. खांब फोडून बाहेर आलेला, संतापलेला देव. आई म्हणायची, बाकीच्यांनी देवाचे गुण घेतले, माझ्या लेकानं नेमका त्याचा राग उचलला. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. आता त्या वाक्याची लाज वाटते, आणि थोडा रागही येतो. सवय अशी सहज जात नाही.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपळीला आमच्या मळ्यात विलायती ट्रॅक्टर आला, तेव्हा आसपासच्या गावांतून लोक तो बघायला यायचे. चालवायचो मी, पण त्याची निगा राखायचे बिरूतात्या. त्यांच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. कालवा आला, चराऊ रानं बागायती झाली, तशी मेंढरं विकून तात्या आमच्या मळ्यात राबायला आले. माझ्यापेक्षा वीस-बावीस वर्षांनी थोरले. इंदापूरहून बैलगाडीत पिंप टाकून डिझेल आणायचं, ते फडक्यातून गाळायचं आणि टाकीत भरायचं, हे सगळं त्यांच्याकडे. बायका दूध गाळतात त्या काळजीनं ते डिझेल गाळायचे. गाळताना कुणी मध्ये बोललेलंही त्यांना चालत नसे.

त्या वर्षी दसऱ्याला ट्रॅक्टरची पूजा झाली. झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ, सगळं साग्रसंगीत. तिसऱ्या दिवशी उसाच्या रानात नांगरट धरली. पाटाच्या पाण्याची आमची पाळी आठ दिवसांवर आली होती, तेवढ्यात रान नांगरून सऱ्या पडायला हव्या होत्या. पहिल्याच तासाला, म्हणजे नांगराच्या पहिल्याच ओळीला, इंजिन अडखळायला लागलं. पांढरा धूर सोडला, दोन आचके दिले आणि बंद पडलं. मी फिल्टरची काचेची वाटी उघडली. आत डिझेलच्या खाली पाणी. स्वच्छ, नितळ पाणी. वाटी पुसली, हवा काढली, पुन्हा चालू केलं. चार तासं घातली की पुन्हा तेच. दुपारपर्यंत माझ्या हाताची सालटी निघाली होती आणि डोकं ठिकाणावर नव्हतं.

डिझेलमध्ये पाणी आपोआप येत नाही. कुणीतरी घातल्याशिवाय येत नाही. आणि डिझेलला हात लावणारा माणूस एकच. माझ्या डोक्यात हिशेब इतका सरळ होता की मी दुसरीकडे पाहिलंच नाही. वाटेत डिझेल विकलं असणार आणि पिंपात विहिरीचं पाणी ओतून माप पुरं केलं असणार. तात्या बांधावर पाणी घेऊन आले, तसा मी त्यांना तिथंच धरलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. चोर म्हणालो. शेजारच्या रानातली माणसं काम टाकून बघायला आली, तसा मला जास्तच चेव आला. आणि मी हात उचलला. त्यांचं तांबडं मुंडासं ढेकळांत पडलं.

तात्यांनी मुंडासं उचललं, माती झटकली, पण डोक्याला बांधलं नाही. काखेत धरून उभे राहिले. त्यांनी निदान उलट शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्यांचं गप्प राहणं मला कबुलीजबाबासारखं वाटलं आणि मी आणखी पेटलो. सगळ्यांसमोर सांगितलं, उद्या नरसिंहपूरला चल. देवाच्या पायरीवर हातात तुळस घेऊन सांग की पाणी मी घातलं नाही. आमच्याकडे हातात तुळस घेतली की माणूस खोटं बोलत नाही, आणि बोललाच तर त्याचं घर बुडतं, असं मानतात. तात्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता निघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. एष्टीनं जाता आलं असतं, पण मला आधी इंदापूरच्या पंपावर ट्रॅक्टर उभा करून त्यांनाही जाब विचारायचा होता. वाटी पुन्हा साफ केली होती, टाकीत वरून चांगलं डिझेल भरलं होतं. एवढ्यानं इंदापूर गाठू असं वाटत होतं. तात्या एरवी माझ्या शेजारी मडगार्डवर बसायचे. त्या दिवशी ट्रॉलीत माझ्याकडे पाठ करून बसले, उघड्या डोक्यानं. घरातून निघताना आई काहीतरी सांगायला दारापर्यंत आली होती. मी ऐकून घेतलं नाही.

यंत्रानं वाटेत चार वेळा दगा दिला. दर वेळी उतरायचं, वाटी काढायची, पाणी सांडायचं, हवा काढायची. दर वेळी माझी शिवी एक पायरी वर चढत होती. इंदापूर दोन-तीन मैलांवर आलं तिथं ते पाचव्यांदा बंद पडलं, ते कायमचं. हँडल मारून खांदा निखळायची वेळ आली. पुण्या-सोलापूरच्या सडकेवरून ट्रक धूळ उडवत जात होते, कुणी थांबत नव्हतं. मी चाकाला लाथा घातल्या. पत्र्यावर पाना आपटला. तात्या खाली उतरून लिंबाच्या सावलीत उभे होते, आणि त्यांचं ते शांत उभं राहणंसुद्धा मला सहन होत नव्हतं.

त्याच लिंबाखाली सडकेच्या कामावरचा एक माणूस भाकरी खात बसला होता. साठीकडे झुकलेला, पोटऱ्यांपर्यंत डांबरानं माखलेला. बाजूला त्याचा रोलर उभा होता. त्यानं हात धुतले, माझ्याजवळ आला, वाटी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, नुसती वाटी धुऊन काय होणार, पाणी टाकीच्या तळाशी आहे. तेल हलकं, ते वर तरंगतं. पाणी जड, ते खाली बसतं. पण तुम्ही तर गाडीला सारखे हादरे देताय, ते बसणार कसं? आता तासभर तिला हात लावू नका. निवू द्या. मग खालचा नट सोडू.

तासभर! मला तो सल्ला म्हणजे चेष्टा वाटली. तिकडे पाटाचं पाणी माझी वाट बघणार होतं का? पण हा माणूस परत सावलीत जाऊन बसला, तात्यांना तंबाखू दिली आणि दोघं ती मळत बसले. मला करण्यासारखं काहीच उरलं नाही. भांडायलाही कुणी नव्हतं. आणि मग मी ज्याच्याशी भांडता येतं त्याच्याशी भांडलो. नरसिंहपूरच्या दिशेनं तोंड केलं आणि भर सडकेवर मोठ्यानं बोलायला लागलो. काय काय बोललो ते सगळं लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हणालो, "तुझ्याकडनं अभिषेकाचं तीर्थ आणलं, जाळी काढून माझ्या हातानं या टाकीला पाजलं, आणि तू मला हे दिवस दाखवतोस!"

सावलीतला माणूस तंबाखू मळता मळता थांबला. "काय पाजलं म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. बैलाला सणाला तीर्थ पाजतात, तसं दसऱ्याला ट्रॅक्टरला पाजलं. टाकीच्या तोंडातली जाळी काढून पळीभर आत सोडलं. आणि हे सांगता सांगता मलाच माझं बोलणं ऐकू आलं. मी दोन दिवस पाणी शोधत होतो. पिंपात शोधलं, विहिरीत शोधलं, पंपावर शोधलं, एका म्हाताऱ्या माणसाच्या मनात शोधलं. पण तीर्थ म्हणजे पाणीच, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. देवाचं तीर्थ ते तीर्थ, त्यानं यंत्र बिघडेल कसं? तरी मी हेका सोडला नाही. म्हणालो, पळीभरानं काय होतंय?

तेव्हा तात्या त्या दिवशी पहिल्यांदा बोलले. "मालक, पळीभर तुमी घातलं. तुमी सोनं लुटायला गेला, आन् मागनं अख्खी भावकी व्हती. तुमी घातलं म्हणून समद्यांनी घातलं. तुमच्या आईंनी तर ऱ्हायलेला तांब्याच पालथा केला."

मी विचारलं, मग हे काल का सांगितलं नाही? मार का खाल्ला?

"देवाच्या तीर्थाला नाव कसं ठेवायचं? आन् चार मान्सांत आईंचं नाव कसं घ्यायचं? मी घातलं न्हाय, एवढं देवाला ठावं व्हतं. तितं जाऊन तेवढंच सांगणार व्हतो."

मी तिथंच खाली बसलो. त्यानंतर तास कसा गेला मला आठवत नाही. एवढं आठवतं की मी हललो नाही. जन्मात मी इतका वेळ शांत बसलो नव्हतो. रोलरवाल्यानं मग पाना घेतला, टाकीखाली शिरला आणि तात्यांना म्हणाला, हात धरा खाली, काय येतंय बघू. नट सुटला आणि पाण्याची धार लागली. शेर-दीड शेर तरी पाणी आलं. त्याबरोबर अक्षतांचे दाणे आले, फुगलेले, कुंकवानं गुलाबी झालेले. आणि पाणी संपून डिझेल सुरू होता होता काळं पडलेलं एक तुळशीचं पान आलं आणि तात्यांच्या तळहातावर येऊन राहिलं.

त्यांच्या हातात तुळस द्यायला मी त्यांना नरसिंहपूरला नेत होतो. ती सडकेच्या कडेलाच त्यांच्या हातात आली. कुणी याला योगायोग म्हणेल. म्हणू दे, मी वाद घालणार नाही. मी ते पान पाहिलं आणि माझ्यातल्या रागाचा सगळा जोर ओसरला. तात्यांनी ते पान कपाळाला लावलं आणि लिंबाच्या बुंध्याशी ठेवलं. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला गेलो तर ते मागं सरले. म्हणाले, "हितं नगा. काल लोकांत मारलं, हितं बगायला कोन हाय?" त्यांच्याही आवाजात राग होता. पहिल्यांदाच ऐकला. तो खरा होता आणि मला तो घ्यायचाच होता.

रोलरवाल्यानं फिल्टर धुतला, हवा काढली. ट्रॅक्टर दुसऱ्याच हँडलला सुरू झाला आणि एका तालात चालायला लागला. मी त्याला काही द्यायला लागलो तर तो हसून म्हणाला, पुढच्या दसऱ्याला तीर्थ चाकावर शिंपडा, पोटात घालू नका. तिथूनच मी ट्रॅक्टर माघारी वळवला. चार दिवसांनी इंदापूरला गेलो तेव्हा त्याला शोधलं. रोलर नव्हता, माणूस नव्हता. सडकेच्या कामावरच्या लोकांना विचारलं तर म्हणाले, तो सोलापूरकडचा, बदलीवर आला होता, गेला. त्याचं नाव मी विचारलंच नव्हतं. ज्यानं माझी अब्रू वाचवली त्याचं नाव विचारायची बुद्धी मला झाली नाही, याचा मला अजून संताप येतो.

ट्रॅक्टर माघारी आणला त्याच संध्याकाळी मी गावात मारुतीच्या पारावर उभा राहिलो. ज्यांनी रानात पाहिलं होतं ते सगळे बोलावून घेतले आणि सांगितलं, पाणी मी घातलं, चोर तात्या नाहीत, हात उचलला ती माझी चूक. लोक हसले. एकजण म्हणाला, यंदा ट्रॅक्टरला एकादशीही धरायला लावा. एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी ते हसणं मी प्रसादासारखं ओंजळीत घेतलं. आईही मागं उभी होती, पदरानं डोळे पुसत होती. सगळं झालं असं मला वाटलं.

तात्या जवळ आले. मला वाटलं, माफ केलं म्हणतील. ते हळूच म्हणाले, "मालक, माझ्या सुनंलाबी सांगा. कालपास्नं ती माझ्याकडं बगत न्हाय."

माझा राग कुठवर जाऊन पोचला होता, ते मला तेव्हा कळलं. मी त्यांच्यामागून ओढ्याकडेला त्यांच्या खोपटाशी गेलो. दार इतकं ठेंगणं की कमरेत वाकल्याशिवाय आत जाता येत नव्हतं. मी वाकलो आणि तसाच वाकलेला राहून त्या पोरीला सांगितलं, तुझा सासरा चोर नाही, मी खोटं बोललो होतो. ती उठली, भाकरीच्या थाळीपुढं पाट मांडला आणि सासऱ्याला म्हणाली, "मामंजी, बसा. कालपास्नं उपाशी हाय तुमी."

देवळात मी जन्मभर वाकत आलो. पण खरा वाकलो तो त्या दारात, आणि वाकवणारा कोण हेही तिथंच समजलं. नरसिंहा, माझा राग तूच दिलास म्हणून मी मिरवत होतो. तो उतरवणाराही तूच, आणि मला त्या दारापर्यंत नेलंस, एवढ्यासाठी मी तुझा ऋणी आहे.