दोन गोळ्या आणि डोळ्याचा फोटो

चाकणच्या आमच्या कंपनीत दरवर्षी मेडिकल होतं. त्यात बीपी जास्त निघालं की फिटनेसचा कागद अडकतो. म्हणून आम्ही काही जुनी मंडळी मेडिकलच्या आधी पंधरा दिवस रोजच्या एका गोळीच्या दोन करतो. मी तर पुढे बाराही महिने झोपताना दोन घ्यायला लागलो. आकडा झकास यायचा, आणि मी स्वतःच्या हुशारीवर भलताच खूश असायचो.

माझं काम ब्रेकचे सुटे भाग नजरेनं तपासायचं. केसाएवढी चीर मी वीस वर्षं पकडत आलो. मग एकाच आठवड्यात तीन तडकलेले भाग माझ्या हातून पुढे गेले. पुढच्या टेबलावर सापडले म्हणून निभावलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून बायकोला घेऊन चिखलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

त्यांनी एका यंत्रात तोंड घालायला लावलं. आत बारीक दिवे लागणार, दिसला की बटण दाबायचं. माझ्या तर हातचा मळ. कागद बाहेर आला तेव्हा त्यावर मोठा काळा डाग होता. तिथेही दिवे लागले होते म्हणे. मला दिवा सोडा, तिथे काळोखसुद्धा दिसला नव्हता.

बाई म्हणाल्या, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब नॉर्मल, तरी नस सुकत चालली आहे. मग त्यांनी स्क्रीनवर माझ्या डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. नारिंगी गोल, मधे फिकट चकती, आणि तिच्यातून फुटलेल्या लालभडक रक्तवाहिन्या. पन्नास वर्षं मी या डोळ्यांनी जग बघितलं आणि डोळा आज पहिल्यांदा बघत होतो. एवढ्याशा वाटेनं येणाऱ्या रक्तावर लेकीचा चेहरा दिसणं अवलंबून होतं. मला हात जोडावेसे वाटले.

बीपीच्या किती गोळ्या घेता, त्यांनी विचारलं. मी एक म्हणालो.

"एक न्हाई, दोन घेत्यात," बायको म्हणाली. "मेडिकलसाठी."

बाई रागावल्या नाहीत. झोपेत बीपी आपोआपच उतरतं. त्यावर दुप्पट गोळी घेतली की ते फारच खाली जातं आणि या नसेला पुरेसं रक्त मिळत नाही. तुमच्या बाबतीत तेच झालं असावं, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखता येईल. थेंब लिहून दिले आणि गोळ्यांचं बीपीच्या डॉक्टरांना खरं खरं सांगा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सुपरवायझरला म्हणालो, मला तपासणीवरून काढा.

तो हसला. "राव, तुमच्यासारखी नजर कुणाची हाय हितं?"

मी खिशातला कागद त्याच्यापुढे उलगडला आणि काळ्या डागावर बोट ठेवलं.

"हितं दिवा लागला व्हता," मी म्हणालो. "मला दिसला न्हाई."