मागून येणारा सूर

बोरी अरबच्या लग्नात ढोलकीवाल्या काकांनी गाण्याच्या मधेच हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. लोकांना काही कळलं नाही, गाणाऱ्या बाईंनी कडवं पुढे ओढून नेलं. पण मला कळलं. जेवणाच्या पंगतीत ते माझ्या शेजारी बसले आणि पत्रावळीकडे बघतच म्हणाले, "मास्तर, तू मांगून येऊन राह्यला."

आमच्या गाण्याबजावण्याच्या पार्टीत कीबोर्ड वाजवणाऱ्याला मास्तर म्हणायची पद्धत आहे. मी सांगलीकडचा, सातवीत शाळा सुटलेला. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा वाटलं, हे चिडवतायत.

"मागून कसा येईन काका? तुमचीच लय वाढतीय."

"माही लय?" ते म्हणाले. "माही लय तुह्या जन्माच्या आंधीपासून हाय तिथंच हाय." आणि वांग्याची भाजी मागितली.

मला तेव्हापासून त्यांचा संशय यायला लागला आणि त्यांना माझा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला लॅपटॉप खुपतोय. पार्टीचा जुना कीबोर्ड बिघडल्यावर भाऊंनी, म्हणजे आमच्या मालकांनी, माझं ऐकून लॅपटॉप घेतला होता. त्यात सनई, सारंगी, हार्मोनियम सगळं सॉफ्टवेअरमधून निघतं. समोर फक्त पट्ट्यांचा एक साधा बोर्ड ठेवायचा. हेडफोनच्या भोकात पिन खुपसून आवाज मिक्सरला द्यायचा. सगळा हंगाम मी असंच वाजवलं होतं.

काकांना वाटत होतं, मी मुद्दाम त्यांना अडखळवतो.

भाऊ पांढरकवड्याजवळच्या एका बंजारा तांड्यातले. शेती करतात आणि पार्टी चालवतात. मी इकडे आलो तेव्हा ओळखपाळख नसताना त्यांनी सामान ठेवायच्या खोलीत मला जागा दिली. वहिनी अजून रोज भाकरी पाठवतात. ज्याने एवढं दिलं तो माणूस कधी काय काढून घेईल, याची मला भीती वाटते. ते तसे नाहीत, हे माहीत असूनही वाटते. त्यामुळे त्यांनी खोलीच्या दारात येऊन घसा खाकरला, तेव्हाच मी उठून उभा राहिलो.

"केळापूरले माह्या साडूच्या पोरीचं लगन हाय," ते म्हणाले. "घरचं काम हाय. तिथं असं चालनार नाही. तवरीक जमलं तं ठीक. नाही तं उमरखेडचा एक कीबोर्डवाला हाय, त्याले बोलावतो."

"मग मी?"

"तू मंग पाहू."

'मंग पाहू' याचा अर्थ माझ्या गावाकडेही तोच होतो.

मोबाईलवर शोधून शोधून मला एवढं समजलं की लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून आवाज उशिरा निघतो. पट्टी दाबली की लॅपटॉप आवाजाचे तुकडे आधी साठवतो, साठा भरला की पुढे सोडतो. साठा लहान ठेवला तर आवाज लवकर येतो, पण फारच लहान केला तर मशीनला दम लागतो आणि तडतड ऐकू येते. हे काम नीट करायला बाहेरून एक डबा जोडतात, ऑडिओ इंटरफेस. म्हणजे काका खरं बोलत होते. हे मी त्यांना सांगितलं नाही.

डबे मोबाईलवर शंभर प्रकारचे. प्रत्येकाखाली लोकांनी पाच-पाच तारे दिलेले. सगळेच चांगले म्हणतायत म्हटल्यावर मला कोणावरच भरवसा बसेना. भाऊ म्हणाले, यवतमाळला दुकानातून घे, आणि काकांना सोबत ने. कशासाठी, ते सांगितलं नाही. माझ्यावर लक्ष ठेवायला, असं मी धरलं. एसटीत आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो, मधे लॅपटॉपची पिशवी ठेवून.

दुकानदाराने आधी मोठा डबा काढला. पुढून मागून भोकंच भोकं, निळे दिवे. "आठ माईक लागतात. मोठे स्टुडिओवाले हाच नेतात."

"मला एकही माईक लावायचा नाही," मी म्हणालो. "माईक मिक्सरला जातात. मला फक्त लॅपटॉपचा आवाज बाहेर काढायचाय, आणि लवकर."

"पुढं-मागं लागतील ना."

जो माणूस मी न मागितलेली वस्तू आधी काढतो, त्याला ती खपवायची घाई असते. मी माझा लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणालो, जोडून बघू द्या. तो म्हणाला, सील फोडलं की माल तुमचा. काका तोपर्यंत स्टुलावर बसले होते. ते म्हणाले, "मंग ते काचंतले उघडे डब्बे का पूजेले ठेवले?"

दुकानदाराने काचेतले दोन काढून दिले.

पहिल्याचा साठा कमी करत नेला तर मधेच तडतडायला लागला. दुसरा लहान, राखाडी, दिसायला भंगारातल्यासारखा. पुढे आवाजाची एक मोठी कळ, मागे मिक्सरला जायला दोन जाड पिनांची जागा. लॅपटॉपच्या वायरीवरच चालतो, वेगळं चार्जर नाही. जनरेटरवर चार्जर लावले की स्पीकरमधून जी घूं सुरू होते, ती निदान त्याच्यामुळे वाढणार नव्हती. वायर घट्ट बसते का, ते मी हलवून हलवून पाहिलं. साठा अगदी खाली नेला, सनईवर एक-एक पट्टी दाबली. बोट टेकलं की आवाज. काकांच्या कानाला हेडफोन लावला. ते माझ्या बोटाकडे बघत एक-एक पट्टी ऐकत राहिले.

"हा घे," शेवटी म्हणाले.

"ते तर घरी शिकणाऱ्या पोरांसाठी असतं," दुकानदार म्हणाला.

तेवढ्यावरून मी तो घेतला.

दुसऱ्या दिवशी तालमीला मी तो जोडला आणि लग्नातलं जलद गाणं धरलं. चार ओळी झाल्या असतील. काकांनी ढोलकी आडवी ठेवली.

"आता पुढं पळून राह्यला."

मी ऐकलं, आणि खरंच, सनई ढोलकीच्या आधी येत होती. साठा तपासला, सॉफ्टवेअर बंद करून चालू केलं, वायर बदलली. तेच. माझी खात्री झाली की दुकानदाराने फसवलं. काचेतल्या डब्याऐवजी आतून दुसराच बांधून दिला असणार. काकांचा संशय निराळा होता. "तुलेच ठरोता येत नाही, कोनाले पाडाचं ते. कधी मांगून, कधी पुढून. काहून असं करतं?"

"काका, मी कशाला पाडीन? माझंच पोट आहे यात."

"मंग वाजव नीट."

मी वाजवायला लागलो आणि लाईट गेली. स्पीकर मेले. लॅपटॉप बॅटरीवर चालू होता, म्हणून माझे हात थांबले नाहीत, काकांचेही नाहीत. खोलीत फक्त ढोलकी आणि माझ्या बोटांखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची टकटक. टक आधी, थाप नंतर. प्रत्येक वेळी टक आधी.

मी हात उचलला. तिथे डब्याचा काही संबंधच नव्हता. हंगामभर उशिरा येणारा आवाज गाण्यात बसवायचा म्हणून माझी बोटं आपोआप लवकर पडायला शिकली होती, जुना उशीर पुरता भरून निघेल एवढी नाही, पण या डब्यावर पुढे पळण्याएवढी, आणि मला पत्ता नव्हता.

काकांनीही ते ऐकलं होतं. त्यांनी माझ्या बोटांकडे असं पाहिलं, जणू ती कोणा तिसऱ्याची आहेत.

संध्याकाळी मी भाऊंना सगळं सांगितलं. मी नाही सांगितलं तर काका सांगतीलच, असंही मनात होतं. हात वळायला वेळ लागेल, लग्न तोंडावर, तुम्ही उमरखेडला फोन करा, असं म्हणताना माझा आवाज मलाच ऐकवेना.

भाऊ बैलाला पाणी दाखवत होते. "त्या डब्ब्याले उशिरा सोडाले लावता येते का?"

"येतं. साठा मोठा केला की झालं."

"मंग कर ना मोठा. आमचे बापजादे बैलावर गोन्या लादून मुलुख फिरले. नवा बैल जोडीत घातला तं आंधी त्याच्या चालीनं तांडा चाले, मंग हळूहळू त्याले ओढत. पह्यल्याच दिवशी पळवला तं गोनी पडते."

चांगला डबा घेऊन तो मुद्दाम संथ करायचा, हे मला पटेना. भाऊ माझं मन राखतायत आणि आतून ठरवून बसलेत, असंही वाटलं. तरी रात्रीपर्यंत बसून मी साठा वाढवत जुन्या उशिराच्या थोडा अलीकडे आणला, काकांना बोलावून थापेवर जुळवला.

केळापूरला गाणी लागोपाठ झाली. मी हातांकडे बघत होतो, काका माझ्याकडे बघत होते. नवरी निघताना ढावलो, म्हणजे निरोपाचं गाणं, गायला लागली, रडत रडत, याडीच्या, आपल्या आईच्या, गळ्यात पडून, तेव्हा आम्ही वाद्यं खाली ठेवली. त्यात आमचं काम नसतं.

गाडीत सामान भरताना भाऊंनी काकांना विचारलं, "कसं?"

"गानं बसलं," काका ढोलकीची खोळ बांधत म्हणाले. "पन त्या डब्ब्यावर माहा भरोसा नाही."

"डब्ब्यावर कोनाचा असते? मानसाचं बोल."

काकांनी गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली.

"मानूस राहू दे," ते म्हणाले.

त्यानंतरच्या तालमीला मी साठा एक पायरी कमी केला. आधी काकांना सांगितलं आणि मगच कमी केला.