लीव्ह मिळाली

आमचं खर्ड्यातलं मुलाण्याचं घर. थोरला भाऊ कराचीच्या गोदीत कामाला होता. फाळणीनंतर तो परवान्याशिवाय घरी आला, म्हणून कोर्टानं त्याला परत पाकिस्तानात धाडायचा हुकूम काढला. त्यावर अपील करायचं म्हणून मी नगरला वकिलांच्या पायऱ्या झिजवत होतो.

एकदा मुंबईहून तार आली. वकील म्हणाले, "मुलाणी, लीव्ह मिळाली!"

लीव्ह मला ठाऊक होती. नगरच्या छावणीतले शिपाई लीव्हवर गावी येत आणि ती संपली की निमूट परत जात.

"किती दिसांची, सायेब?"

वकील हसले. "अहो, रजा नव्हे! अपील करायची परवानगी मिळाली."

"मंग भाऊ ऱ्हायला का हितं?"

त्यांचं हसू मावळलं. "ते अपिलात ठरेल. तोवर त्याला कुणी हलवणार नाही."

"म्हंजी रजाच की वो!"

घरी येऊन मी हट्टानं भावाची कराचीची ट्रंक माळ्यावर चढवायला घेतली. आईनं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे बाबा, दाराशीच."