परवान्याचं पान

माझी मुलगी नोकरी करून घरी आली की संगणकावर माहितीपुस्तिका लिहायची. प्रोग्राम कसा चालवायचा, कुठलं बटण दाबायचं, ते साध्या मराठीत. तिच्यासारख्या हौशी पोरांचं एक मंडळ होतं; त्यांचे प्रोग्रामही फुकट आणि पुस्तिकाही फुकट. कुणीही घ्यावी, छापावी, सुधारावी. मी चौथी शिकलेली. लिहून झालं की ती मला वाचायला लावायची, आणि मला कळलं नाही की ते वाक्य मोडून परत लिहायची.

प्रत्येक पुस्तिकेच्या शेवटी एक पान तेच ते असायचं, परवान्याचं. वर लिहिणाऱ्यांची नावं, नावांपुढे त्यांनी काम केल्याची सालं, खाली परवानगीचा मजकूर. वर्ष बदललं की ती एकेक पुस्तिका उघडून ज्याने काम केलं त्याच्यापुढे नवं साल जोडायची. मग मी मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि तिने पान ताडून बघायचं. एक शब्द इकडेतिकडे चालत नसे.

"तेच तेच काय बघतेस गो? तिकडे भात लागला."

"आई, हे पान चुकलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही."

तिचे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. आधी कित्येक वर्षं बदली. म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहायचं आणि कुणी कायमचा कामगार आला नाही, त्याचा खाडा पडला, तर त्याच्या साच्यावर जायचं. शेवटी एका म्हाताऱ्याचं नाव मस्टरवरून काढलं, तेव्हा यांचं चढलं. मग संप झाला. गिरणी परत सुरू झाली असं ऐकून हे गेटवर गेले, तर मस्टरवर नाव नव्हतं. घरी येऊन जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढे रे रोडला लाकडाच्या वखारीत राखण केली. गिरणीचा विषय मरेपर्यंत काढला नाही.

मुलगी आजारी पडली आणि सात महिन्यांत गेली. त्याबद्दल मला इथे लिहायचं नाही.

महिन्याभराने तिच्या मंडळातली एक मुलगी आली. पुस्तिका आता तिच्याकडे होत्या. ती फायली उतरवून घेत बसली. मी चहा ठेवला नाही. समोर स्टूल घेऊन बसले.

"म्हणजे आता तू कायम," मी म्हटलं. "तिचं नाव कधी काढणार?"

"का काढणार, काकी?"

"बदली कायम झाला की आधीच्याचं नाव जातं. गोड बोलू नकोस, आम्ही बघितलंय."

ती गोंधळली. मी तिला गिरणीचं सांगितलं. तिने परवान्याचं पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. पुस्तिका कोणी कितीही बदलली तरी आधी लिहिणाऱ्यांची नावं आणि हा मजकूर तसाच ठेवला पाहिजे. ही ओळ मी कितीतरी वेळा मोठ्याने वाचली होती. काय म्हणते ते एकदाही बघितलं नव्हतं.

"आणि कुणी काढलंच तर?"

"तर त्याला ती पुस्तिका वाटायचा हक्क राहत नाही."

"कितीही मोठा असला तरी?"

"तरी."

मग मी चहा ठेवला.

वर्ष बदललं तेव्हा ती परत आली. घरी बसून करता आलं असतं, पण मूळ वाचायला कुणी नाही म्हणाली. खोटंच असणार. मुलीचं नाव सगळ्यांत वर होतं. तिने स्वतःच्या नावापुढे नवं साल जोडलं, आणखी दोघांच्या जोडलं, मुलीच्या नावापुढे काही केलं नाही.

"तिच्यापुढेही लाव की. कोण बघतंय?"

"काकी, मी एकदा काम न करता साल लावलं होतं, तेव्हा ताईने मला केवढं झापलं होतं."

झापलंच असणार. मला तिचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"बरोबर आहे," मी म्हटलं. "खाडा तो खाडा."

नाव राहिलं. साल तिथेच थांबलं. मी चष्मा पुसला आणि मूळ मजकूर पहिल्या शब्दापासून वाचायला घेतला.