लक्षपूर्वक ऐकते

जळकोट तालुक्यातल्या एका लहानशा गावात मंजुषा बिराजदार बाई बावीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवतात. आसपासच्या शाळांच्या केंद्रात त्यांचं नाव आहे ते निकालपत्रकांसाठी. एप्रिल आला की बाकीचे गुरुजी कपाळाला हात लावून बसतात, आणि बाईंच्या नोंदवह्या तोवर सहीशिक्क्यासह कपाटात गेलेल्या असतात. खाडाखोड नाही, बेरजेची चूक नाही. साहेब लोकही ‘बिराजदार बाईंचं बघा’ म्हणून इतरांना पिटाळतात.

आता यातली गोम सांगायलाच हवी. तिसरीला शंभरातले साठ गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर लेकराला पाहून, बोलतं करून द्यायचे. चाळीस लेखी परीक्षेचे. दोन्हींच्या बेरजेवरून श्रेणी. बाई मात्र उलट्या बाजूनं यायच्या. लेखीचे गुण बघून, लेकराचा चेहरा आठवून ‘हा ब-एक’ असं आधी ठरवायच्या आणि मग तोंडी काम, उपक्रम, गृहपाठ या रकान्यांत बेरीज जुळेल असे आकडे भरायच्या. प्रगतिपत्रकावरच्या वर्णनात्मक नोंदी तर तयार पुस्तिकेतून उतरवायच्या, ओळीनं, सगळ्यांना त्याच. त्यात कुणाचं काय जातं, असं त्यांना खरंच वाटायचं.

साक्षी गेल्या वर्षीच्या तिसरीतली. फळ्यावरचं सुरेख अक्षरात उतरवून घेणारी, हाक मारली तरी मान वर न करणारी. बाई म्हणायच्या, लाजाळू आहे. तिला ब-एक मिळाला, आणि नोंद : ‘लक्षपूर्वक ऐकते. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देते.’

यंदा ती चौथीत. दिवाळीनंतर आठवडाभर आली नाही म्हणून बाई तिच्या घरी गेल्या. साक्षीची आई मल्लम्मा ओसरीवर ज्वारी निवडत होती. शेजारी बसलेल्या साक्षीच्या दोन्ही कानांमागं नवीकोरी यंत्रं होती.

“लातूरला नेलतं, बाई. लई कमी ऐकू येतंय म्हनले. आधी आनायला पायजे होतं, बोलनं मागं पडलं म्हनले.”

बाई ओसरीच्या कडेला टेकल्या.

“उन्हाळ्यात तपासनीवाले आलते, तवाच त्या डाक्टरीनबाईनं सांगितलतं, कान दाखवा म्हनून. म्याच न्हाई म्हनलं. तुमचं निकालाचं कार्ड दावलं तिला. पोरीला ऐकू येत नसतं तर बाईंनी असं लिवलं असतं का, म्हनलं.”

मल्लम्मा हे बाईंची बाजू घेऊन भांडल्यासारखं सांगत होती. बाईंना तिच्याकडं बघवेना. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं, कुणाला कळणार नव्हतं. तोच विचार मनात आला याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

“ती नोंद मी तिला काही न विचारता लिहिली, मल्लम्मा,” त्या म्हणाल्या. “सगळ्या वर्गाला तीच लिहिली. माझी चूक झाली.”

मल्लम्माचा सुपातला हात थांबला. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर बाईंना हलकं वाटलं असतं. ती उठून आत गेली, कार्ड घेऊन आली आणि बाईंच्या पुढ्यात ठेवलं.

“मंग ह्यातलं खरं काय हाय, तेवढं सांगा.”

बाईंनी कार्ड वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं, आणि फक्त हजेरीच्या दिवसांच्या आकड्यावर बोट ठेवलं.